सतरा नंबरची झाळ

क्रागुयेवात्स गावात कारागीर घरी आला की हत्यारांची पेटी खाली ठेवायच्या आधी एक वाक्य बोलतो. गळका नळ असो, करकरणारं दार असो, नाहीतर उत्तम चालणारी गाडी असो, तो मान तिरकी करतो, दातांतून हवा आत ओढतो आणि विचारतो, "हे कोणी केलंय?" त्याला उत्तर नको असतं. आधीचा कारागीर गाढव होता एवढं घरमालकाने कबूल केलं की कामाला सुरुवात होते. अर्ध्या गावाने गाड्यांच्या फॅक्टरीत तीस-तीस वर्षं काढलेली. त्यामुळे इथे कारागीर नसलेला पुरुष शोधावा लागतो, आणि गाढव नसलेला कारागीर तर कुणाला अजून सापडलेलाच नाही.

नेवेनाचे वडील वेलिसाव फॅक्टरीत तपासनीस होते, म्हणजे हा प्रश्न विचारण्याचा त्यांना रीतसर पगार मिळायचा. प्रत्येक कामगाराला एक नंबर होता आणि प्रत्येक नगावर तो ठोकलेला असायचा, तो याच प्रश्नाच्या सोयीसाठी. निवृत्तीनंतर पगार थांबला, प्रश्न थांबला नाही. अपेंडिक्स काढल्यावर शुद्धीवर येताच त्यांनी पोटावरचे टाके बघून नर्सला तेच विचारलं. बायको गेली तेव्हा शवपेटीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवून, खालच्या आवाजात, पण विचारलंच. आणि नेवेनाने बेलग्रेडहून तिचा पहिला अनुवाद आणून हातात ठेवला, सहाशे पानांची रशियन कादंबरी, तेव्हा अर्धं पान वाचून चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे कोणी केलंय?"

"मी केलंय, बाबा. वर नाव आहे."

"हं." कानावरची पेन्सिल काढून त्यांनी एक स्वल्पविराम घातला आणि पुस्तक मिटलं. पुढे ते पुस्तक तिला त्या घरात कधी दिसलं नाही. तिनेही विचारलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी वेलिसाव गेले. दारावर आणि समोरच्या चिनाराच्या झाडावर काळ्या चौकटीतला त्यांचा फोटो लागला. स्मशानात सगळ्यांनी सांगितलं की वेलिसावचे हात सोन्याचे होते. या गावात माणूस मेला की त्याचे हात सोन्याचे होतात. ते सोनं साधारण आठवडाभर टिकतं.

घरात मागे राहिला तो त्यांचा संगणक. तीन वर्षांपूर्वी घेतला तेव्हा त्याच्या पंख्याच्या घरघरीने त्यांचं डोकं उठलं होतं. इंटरनेटवर कुठल्याशा परदेशी पोरांनी गाडीच्या हीटरचा रेडिएटर लावून संगणक पाण्याने थंड केल्याचं त्यांनी वाचलं, आणि त्या पोरांनी ते किती चुकीचं केलंय हे दाखवून देण्यासाठी स्वतः करायला घेतलं. रेडिएटर गावच्याच गाडीचा, जिला सगळे लाडाने 'स्तोयादिन' म्हणतात तिचा. वहीएवढा, पितळी, दोन नळ्या बाहेर आलेला. पंप मासे पाळायच्या टाकीतला. आतल्या तापणाऱ्या चिपवर बसवायला तांब्याचा ठोकळा, कानशीने घासून आरशासारखा केलेला. वर लोणच्याची बरणी, तिच्यातून पाणी फिरायचं. पाण्यात एक पेला राकिया, म्हणजे आलुबुखाराची दारू, शेवाळं धरू नये म्हणून. पाण्याने चिपची उष्णता उचलायची, रेडिएटरमध्ये आणून सोडायची आणि मागच्या दोन संथ पंख्यांनी ती वेलिसावांच्या पायांवर फुंकायची. हिवाळ्यात ते संगणकाला शेगडी म्हणायचे.

मेलेल्याचा जीव चाळीस दिवस घरात असतो म्हणतात. नेवेनाचा यावर विश्वास नव्हता. तिने फक्त संगणक बंद केला नाही. रजा काढून ती तिथेच राहिली, खुर्चीखाली येणाऱ्या त्या उबेत पाय ठेवून बसायची आणि कुणी विचारलंच तर बाबांची कागदपत्रं बघतेय म्हणायची. चाळिसाव्याला सगळे जेवायला येतील तेव्हा हे यंत्र जसं त्यांनी ठेवलं तसं चालू असलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं. हे म्हणणं तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितल्यावर ते मूर्खपणाचं वाटलं असतं.

तेहतिसाव्या दिवशी रेडिएटरखाली पाण्याचा थेंब दिसला.

तिने खालच्या मजल्यावरच्या बुदिमीरकाकांना हाक मारली. ते फॅक्टरीत रंगाच्या विभागात होते, म्हणजे पाण्यातलं त्यांना सगळं कळत होतं. गुडघ्यावर बसून त्यांनी नळीच्या टोकाशी बोट लावलं आणि दातांतून हवा ओढली.

"हे कोणी केलंय?"

"बाबांनी."

"देव त्याला शांती देवो. पण पोरी, तारेने? अगं, तांब्याच्या तारेला पीळ देऊन नळी बांधलीय! ही काय टोमॅटोची वेल आहे?"

"तीन वर्षं गळलं नाही, काका."

"नशीब. निव्वळ नशीब. थांब, माझ्याकडे क्लॅम्प आहेत. खरे. स्टीलचे."

संगणक बंद करावा लागला. त्या शांततेत बुदिमीरकाकांचा श्वाससुद्धा मोठा वाटत होता. त्यांनी तारा उलगडून खिडकीत टाकल्या, स्टीलचे क्लॅम्प चढवले आणि कपाळाची शीर तटतटेपर्यंत आवळले. तीन वर्षांत राकियाने कडक झालेली नळी कुरकुरली. "आता बॉम्ब पडला तरी हलत नाही," ते म्हणाले, एक पेला घेतला, वेलिसावच्या नावाने दोन थेंब जमिनीवर सांडले आणि गेले. अर्ध्या तासाने थेंबाची धार झाली.

मग ओग्न्येन आला. तिशीचा, शेंडीवाला, कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानाचा मालक. तो फॅक्टरीत कधी गेला नव्हता, पण त्याचे वडील गेले होते, त्यामुळे वाक्य त्याला घरूनच मिळालं होतं.

"हे कोणी केलंय?"

"यातलं कुठलं? नळी आणि बाकी सगळं बाबांनी, क्लॅम्प बुदिमीरकाकांनी."

"बुदिमीरने?" ओग्न्येनला मनापासून आनंद झाला. "त्याने नळीचा गळाच कापलाय. आणि हा वास कसला येतोय? ताई, यात राकिया आहे का?"

"एक पेला. शेवाळं धरू नये म्हणून."

"बिचारं शेवाळं. पिऊन पडलं असेल तळाशी." त्याने बरणी उजेडात धरली. "हे संग्रहालयात द्या. माझ्याकडे नवीन पंखा आहे, आवाज नाही, पाणी नाही, दहा मिनिटांत बसतो."

"मला हेच चालू करून हवंय."

"का पण?"

नेवेना अनुवादक होती. तिला दोन भाषांत उत्तर येत होतं आणि दोन्हींत ते देता आलं नाही. "चाळिसाव्यापर्यंत," ती म्हणाली.

ओग्न्येनने खांदे उडवले आणि निळी नवी नळी घातली. ती दीड मिलिमीटर मोठी होती. "बसेल, बसेल," तो म्हणाला, कारण दुकानात तेवढीच होती. राकियाचं पाणी मोरीत ओतलं आणि बरणीत हिरवं औषध भरलं, जे हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून गाडीत घालतात. चालू केल्यावर पाच मिनिटं त्याने समाधानाने बघितलं. सहाव्या मिनिटाला रेडिएटरच्या खालच्या कडेवरून हिरवा थेंब पडला.

"झालं तर. रेडिएटरच गळतोय. झाळ गेलीय." रेडिएटरचं अंग पितळी पत्र्यांचं, आणि ते पत्रे जिथे वितळलेल्या शिशाने जोडलेले असतात तिला झाळ म्हणतात. "भंगारातलं उचललं असणार तुमच्या बाबांनी. आता हे झाळणारा या गावात एकच माणूस उरलाय, पण तो काही या घरात येणार नाही."

तो गेल्यावर नेवेनाने हिशेब केला. तारा खिडकीत, नळी कचऱ्यात, राकिया मोरीत. अजून दोन कारागीर आले की बाबांचं यात फक्त वीजबिल उरेल.

तो एकच माणूस म्हणजे झिवोताकाका, बाबांचा धाकटा भाऊ. फॅक्टरीत बावीस वर्षं हीटरचे रेडिएटर झाळणारा. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या स्तोयादिनचा हीटर थंड पडला. वेलिसावांनी रेडिएटर काढला, भर गॅरेजात सहा माणसांसमोर उलटासुलटा केला आणि दातांतून हवा ओढून विचारलं, "हे कोणी केलंय?" कोणी केलंय हे त्यांना ठाऊक होतं, झिवोताला ठाऊक होतं, आणि सहाच्या सहा माणसांना ठाऊक होतं. "भंगार आहे," वेलिसाव म्हणाले. "मी टाकून देतो." त्या दिवसापासून भाऊ बोलले नाहीत. दुसऱ्याच्या हातचा रेडिएटर आपल्या गाडीत बसवणार नाही असं झिवोताने जाहीर केलं, आणि फॅक्टरीतलं ते खातं तर बंद पडलेलं. तेव्हापासून तो हिवाळाभर गुडघ्यांवर बायकोची लोकरी शाल घेऊन गाडी चालवायचा. अंत्यविधीला आला तो मागे, कुंपणापाशी उभा राहिला. मातीही लांबूनच टाकली.

नेवेनाने फोन केला. एक रेडिएटर झाळायचाय म्हणाली.

"कसला रेडिएटर?" काका म्हणाला.

"स्तोयादिनचा. हीटरचा. बाबांनी संगणकाला लावलाय. झाळ गेलीय म्हणतात."

"कोणाची झाळ?"

"ते मला काय माहीत, काका?"

"दादाने लावलाय म्हणजे कुणा मूर्खाची असणार," झिवोता म्हणाला. पण चाळिसावा परवावर आला असताना, अडतिसाव्या दिवशी सकाळी तो झाळायचं सामान घेऊन दारात उभा होता. बूट पुसले, आत आला, भावाच्या खुर्चीकडे न बघता तिच्या बाजूने वळसा घालून गेला.

त्याने नळ्या सोडवल्या, पाणी बादलीत उतरवलं आणि रेडिएटर दोन्ही हातांनी वर उचलला. खाली एक जाडजूड पुस्तक होतं. रेडिएटर पंख्यांच्या बरोबर समोर यावा म्हणून टेकू दिलेला. हिरव्या पाण्याने फुगलेलं.

"हे काय?"

"पुस्तक आहे," नेवेना म्हणाली. तिने ते उचललं आणि मुखपृष्ठ आत करून छातीशी धरलं. दोन पानांवर तिचं नाव होतं आणि त्या दोन्हींवर पाणी होतं.

काका खिडकीपाशी गेला. रेडिएटर उजेडात तिरका धरला. मान वाकडी केली, दातांतून हवा आत ओढली.

"हे कोणी के—"

वाक्य तिथेच राहिलं. ओढलेली हवासुद्धा बाहेर आली नाही. अंगठ्याने त्याने पितळी कड पुसली, मग थुंकी लावून पुन्हा पुसली. तिथे दोन आकडे ठोकलेले होते. एक आणि सात.

"सतरा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मी." तो खाली बसला, भावाच्या खुर्चीतच, न बघता. "हा माझ्या गाडीतला आहे. हा माझा रेडिएटर आहे! टाकून दिला म्हणाला होता! नेवेना, तीन हिवाळे! तीन हिवाळे मी बायकोची शाल पांघरून फिरलो, अख्खं गाव मला आजीबाई म्हणत होतं, माझे गुडघे गेले, आणि हा इथे बसून माझ्या हीटरवर पाय शेकत होता?"

"हो," नेवेना म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"मग माझ्या गाडीला झालं काय होतं?"

"मला कसं..."

"तोटी!" काकाने कपाळावर हात मारला. "गरम पाण्याची तोटी अडकली असणार! पाच मिनिटांचं काम! त्याला कळलं असणार, तपासनीस होता तो. कळलं आणि बोलला नाही. चोर! देव त्याला शांती देवो, चोर साला!"

त्याने झाळ तपासली. चारही कडा नखाने, मग भिंगाने. मग एक नळी बोटाने बंद करून दुसरीत फुंकर मारत रेडिएटर बादलीत बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. काकाचे गाल फुगलेले, डोळे नेवेनावर. पुन्हा फुंकला, या वेळी गरज नव्हती तरी.

"झाळ गेली असं कोण म्हणालं?"

"ओग्न्येन."

"शेंडीवाला? सांग त्याला, सतरा नंबरची झाळ जात नाही. पाणी नळीच्या तोंडाशी गळतंय आणि कडेवरून ओघळून खाली येतंय. ही निळी नळी कोणी घातली? हा क्लॅम्प कोणी आवळला? आधी काय होतं?"

"तार. तांब्याची."

"मग ती का काढली? तार बरी. नळी कडक होत जाते, तसा तारेला पीळ वाढवत जायचा, की झालं."

नेवेनाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. दर महिन्याच्या एक तारखेवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अर्धा'. ती इतके दिवस समजत होती की रक्तदाबाची गोळी. बाबा एक ऑक्टोबरला नव्हते. महिन्याचा अर्धा पीळ राहून गेला, एक थेंब पडला, आणि तीन कारागीर लागले.

"किती वर्षं चालू होतं म्हणालीस?" काकाने विचारलं.

"तीन."

"आणि गळलं नाही."

"एकदाही नाही."

"तीन वर्षं, दिवसरात्र, आणि गळलं नाही," काका हळू म्हणाला. मग जरा मोठ्याने म्हणाला. मग खिडकी उघडून खाली अंगणात बसलेल्या बुदिमीरला ओरडून सांगितलं.

खिडकी लावून तो वळला आणि रेडिएटर कोटात गुंडाळायला लागला.

"काका," नेवेना म्हणाली. "तुमचा आहे, घेऊन जा. पण परवा चाळिसावा आहे. तेवढं होऊ द्या."

"हिवाळा तोंडावर आलाय, पोरी."

"दोन दिवस."

त्याने तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या भिजलेल्या पुस्तकाकडे बघितलं. कोट सोडला. "दोन दिवस," तो म्हणाला. "वर एक नाही. आणि नळी तुझी तू बांध. मला तुझ्या बापाच्या चोरीत भागीदार व्हायचं नाही."

तिने दुपारभर ते केलं. कचऱ्यातून जुनी नळी काढली, बुदिमीरने कापलेलं टोक छाटलं, गरम पाण्यात बुडवून मऊ केली. खिडकीतल्या तारा सरळ करून पुन्हा गुंडाळल्या आणि पकडीने पीळ दिला. पहिल्या दोन तुटल्या. खणात बाबांनी उरलेल्या तारेचं वेटोळं ठेवलेलं होतं, त्यातून नव्या घेतल्या. हिरवं औषध ओतून दिलं, गाळीव पाणी भरलं, एक पेला राकिया. टेकूला पोळपाट लावला, आणि पुस्तक वाळायला रेडिएटरच्या वर ठेवलं.

संध्याकाळी पानं सुटी होऊ लागली. पहिल्या पानावर तो स्वल्पविराम होता. दुसऱ्यावर दोन होते. अकराव्यावर एक शब्द खोडून दुसरा लिहिलेला. ती उभ्याने उलटत गेली. पेन्सिल एकशे अठराव्या पानापर्यंत होती. पुढे बहुधा हिवाळा आला आणि रेडिएटरला टेकू हवा झाला. दुरुस्त्यांपैकी निम्म्या स्वतःच चुकीच्या होत्या. ती परत पहिल्या पानापासून निघाली, या वेळी खाली बसून.

चाळिसाव्याला सकाळी सगळे कबरीवर जाऊन आले. मेणबत्त्या लावल्या, साखर-अक्रोड घातलेला शिजवलेला गहू चमचा-चमचा खाल्ला. मग घरी सूप, कोबीत गुंडाळलेलं मांस, राकिया. सूप संपायच्या आत झिवोताकाका उठला आणि बुदिमीरला दंडाला धरून संगणकापाशी घेऊन गेला. मागोमाग बाकीचे, हातात पाव.

"विचार," काका म्हणाला.

"काय विचारू?"

"जन्मभर विचारतोयस ते! हे कोणी केलंय?"

"बरं बाबा. हे कोणी केलंय?"

काकाने रेडिएटर असा फिरवून ठेवला होता की आकडे खोलीकडे तोंड करून होते. "वाच. मोठ्याने वाच. अख्ख्या फॅक्टरीतून निवडायला त्याला सगळा माल होता, आणि दादाने चोरला कुठला? माझा! परक्याचं चोरलं नाही त्याने."

"भावाचं चोरलं, यात मोठेपणा कसला?" बुदिमीर म्हणाला.

"तुझं कोणी काही चोरलंय का?"

बुदिमीरने पावाचा तुकडा तोंडात टाकला.

"मग आता घेऊन जाणार ना गाडीत?" नेवेनाने विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात ती बशा घेऊन उभी होती. "दोन दिवस झाले."

"गाडीत?" काका तिच्याकडे असा बघायला लागला जणू तिने रेडिएटर नदीत टाकायला सांगितला. "गाडीत तो डॅशबोर्डच्या मागे जातो, पोरी. तिथे कोण बघणार त्याला? राहू दे. शाल आहे माझ्याकडे." आणि सगळ्यांकडे वळून, "नेवेना हा बेलग्रेडला नेणार आहे. तिथे लोक येतील-जातील, शिकलेले."

त्याने पेला भरला. मेलेल्याच्या नावाचे दोन थेंब सगळे जमिनीवर सांडतात. काकाने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं आणि ते तिच्यात सांडले, दोनाच्या जरा जास्तच. पंप एकदा गुरगुरला आणि पुन्हा चालू लागला.

झाकण लावताना त्याची नजर नळीच्या तोंडाशी गेली. तो वाकला. मान तिरकी झाली. खोलीतल्या सगळ्या कारागिरांनी आपापल्या माना तिरक्या केल्या. दातांतून हवा आत ओढल्याचा आवाज आला.

"आणि हे कोणी केलंय?"

"मी केलंय," नेवेना म्हणाली.

काकाने तारेवर नख फिरवलं. पीळ एका बाजूला झुकला होता, टोक आत मुडपायचं राहिलं होतं. त्याने वरच्या खिशातून पकड काढली. नेवेना बशा घेऊन एक पाऊल पुढे आली. काकाने पकड उघडली, तारेपर्यंत नेली, जरा थांबला.

"वाकडं आहे," तो म्हणाला, आणि पकड परत खिशात ठेवली.

मग त्याने सूप गार झालं म्हणून तक्रार केली, आणि सगळे जेवायला वळले.